भाडं पाउंडात, नळ विश्रांतवाडीत

गेल्या महिन्यातला एक रविवार. आई पोहे परततेय, मी अजून नाइट ड्रेसमध्ये, बाहेर लोहगावच्या धावपट्टीवरून सुखोई उडालेलं, त्यामुळे अर्ध्या मिनिटासाठी घरातलं सगळं बोलणं म्यूट. (विश्रांतवाडीकरांना हे सांगायला नको. आम्ही वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुन्हा सुरू करतो.) आवाज विरला आणि बाबा म्हणाले, "मी लिव्हरपूलमध्ये फ्लॅट बुक केलाय."

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. मला वाटलं, सुखोईमुळे नीट ऐकू आलं नाही.

तर झालं होतं असं. आदल्या शनिवारी बाबा मित्राबरोबर कोरेगाव पार्कातल्या एका पंचतारांकित हॉटेलात 'यूके प्रॉपर्टी शो'ला गेले होते. फुकट चहा, गार एसी, टाय घातलेली गोड बोलणारी मुलं. स्टुडिओ फ्लॅट, किंमत ६५ हजार पाउंड, म्हणजे आपले साधारण पाऊण कोटी. 'विद्यार्थ्यांचं शहर, तीन वर्षं ८ टक्के भाडं गॅरंटीड, शेवटचे सहा युनिट्स!' बाबांनी तिथल्या तिथे एक लाखाचा टोकन चेक फाडला. पंधरा दिवसांत विचार बदलला तर परत, असं फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं.

पैसे कुठून आणणार? प्लॅन तयार होता. आमचा आळंदी रस्त्यालगतचा जुना वन बीएचके विकायचा आणि उरलेले रिटायरमेंटच्या फंडातून घालायचे. थोडक्यात, आमच्या घरात शिल्लक म्हणून जे काही होतं, ते सगळं त्या सहा युनिट्सपैकी एकात!

बॉस, माझी झोप उडाली. पण ओरडून उपयोग नसतो, हे रिटायर्ड बाबा असलेल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असतं. मी एवढंच म्हटलं, "बाबा, पंधरा दिवस आहेत ना? आपण हिशोब करू. हिशोबात बसलं, तर मी स्वतः विमानतळावर सोडायला येईन."

दादाचा कॉल

पहिला कॉल अर्थातच दादाला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. बारा वर्षं लीड्समध्ये आहे, हॉस्पिटलच्या आयटीत. शिवाय तिथे एक घर घेऊन त्याने ते भाड्याने दिलंय. म्हणजे आमच्या घरातला अधिकृत 'यूके एक्सपर्ट'. बाबांच्या डोक्यात हे खूळ शिरलं त्यालाही निम्मा जबाबदार तोच, कारण दर दिवाळीला फोनवर 'काका, माझं भाडं पाउंडात येतं' म्हणणारा तोच!

"अगं, काकांना थांबव," हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं, "आणि लिव्हरपूलच का? शहरं काय कमी आहेत?"

मग दोन रात्री त्याने मला तिकडच्या शहरांचा क्लास दिला. मी सगळं पुण्याच्या भाषेत लिहून घेतलं. तुम्हालाही तसंच सांगते.

मँचेस्टर म्हणजे आपली खराडी. २०११ मध्ये बीबीसीचे मोठे विभाग शेजारच्या सॅलफर्डला गेले, पाठोपाठ ऑफिसेस, मग काचेचे टॉवर. भाडेकरू तरुण आणि पगारदार. पण आपल्याला ही बातमी कळेपर्यंत किमती भाड्याच्या पुढे निघून गेलेल्या.

बर्मिंगहॅम म्हणजे हिंजवडी. लोकांनी 'गाडी येणार' या भरवशावर घेतलं. लंडनहून येणारी एचएस-टू ही वेगवान रेल्वे आधी २०२६ मध्ये धावणार होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा बर्मिंगहॅमपासून मँचेस्टरपर्यंतचा टप्पाच रद्द झाला, आणि २०३३ ही तारीखही पाळता येणार नाही, असं तिथल्या सरकारने २०२५ मध्ये सांगितलं. ओळखीचं वाटतंय? हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं. त्या दिवसापासून पुढची किती वर्षं 'मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं' अशा जाहिराती वाचत आपण वाकडच्या ट्रॅफिकमध्ये बसलो, आठवा.

नॉटिंगहॅम म्हणजे विमाननगर. दोन मोठी युनिव्हर्सिटीज, ट्राम, विद्यार्थीच विद्यार्थी. फक्त २०१८ पासून शहराच्या मोठ्या भागात घर भाड्याने द्यायला घरमालकाला महापालिकेचं लायसन्स काढावं लागायला लागलं. फी भरा, तपासणीला तयार राहा.

लीड्स म्हणजे, दादाच्याच शब्दांत, 'आपली विश्रांतवाडी गं!' चॅनेल फोरने २०१९ मध्ये मुख्यालय तिथे नेलं, बँका आहेत, कोर्टं आहेत, हॉस्पिटलं आहेत. पण एवढ्या मोठ्या शहरात ना ट्राम, ना मेट्रो. ग्लॅमर कमी, भाडेकरू टिकाऊ.

आणि लिव्हरपूल? घरं स्वस्त, त्यामुळे कागदावरचे टक्के सगळ्यांत देखणे. तिथेच तर हा खेळ चालतो. २०१५ मध्ये तिथे 'न्यू चायनाटाउन' नावाचा झगमगीत प्रकल्प जाहीर झाला. परदेशातल्या लोकांनी, बहुतेकांनी जागा न बघताच, आगाऊ पैसे भरले. पुढे काम ठप्प झालं आणि पैसे अडकले.

"काकांना विचार," दादा म्हणाला, "त्या स्टुडिओच्या गल्लीत संध्याकाळी सात वाजता कसं वाटतं?"

मी विचारलं. बाबा ब्रोशर उलटंपालटं करत राहिले. ब्रोशरमध्ये सगळं दुपारीच होतं, आणि ऊन पडलेलं!

गॅरंटीचा फंडा

८ टक्के गॅरंटीचं गणित दादाने एका मिनिटात सोडवलं. ६५ हजारांवर ८ टक्के म्हणजे वर्षाला ५,२०० पाउंड, तीन वर्षांत १५,६००. आता समजा बिल्डरने मुळात ५० हजारांची वस्तू ६५ हजारांना विकली, तर गॅरंटी कुणाच्या खिशातून चालली? आपल्याच! आपलेच पैसे आपल्याला हप्त्याने परत, वर 'थँक यू' आपण म्हणायचं. चौथ्या वर्षी खरं भाडं किती, ते त्या वर्षीच कळणार.

दुसरी मेख म्हणजे हा 'स्टुडंट स्टुडिओ'. अशा इमारतीत बहुतेक वेळा फक्त विद्यार्थीच ठेवता येतात आणि बँका त्यावर सहसा कर्ज देत नाहीत. म्हणजे उद्या विकायचा, तर आपल्यासारखाच रोख पैसे घेऊन येणारा दुसरा कुणीतरी शोधायचा. तो कुठे सापडणार? पंचतारांकित हॉटेलात!

शिवाय वरचा खर्च. ज्याच्याकडे आधी घर आहे अशाला इंग्लंडमध्ये घरखरेदीवर जादा स्टॅम्प ड्युटी पडते. एप्रिल २०१६ मध्ये ती ३ टक्के होती, ऑक्टोबर २०२४ अखेर ५ झाली. आणि जगात कुठेही घर असलं तरी धरतात, म्हणजे आमचं धानोरीचं राहतं घरसुद्धा! त्यात परदेशी राहणाऱ्यांना २०२१ पासून आणखी २ टक्के. एकूण ७. (योगायोग बघा, पुण्यातही फ्लॅट घेताना मुद्रांक शुल्क, मेट्रोचा आणि स्थानिक अधिभार धरून ७ टक्केच होतात. आपल्याकडे बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, एवढाच काय तो पुण्याचा विजय.)

पैसे इथून पाठवतानाही खेळ आहेच. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, त्यामुळे रक्कम बसते. पण अशा गुंतवणुकीत १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. पाऊण कोटी एकट्याच्या नावाने पाठवले तर ६५ लाखांवर १३ लाख! रिटर्न भरल्यावर ते हिशोबात धरले जातात, पण तोवर हात बांधलेले. भाड्यावर तिथे टॅक्स, इथेही ते उत्पन्न दाखवायचं आणि तिथे भरलेल्याची वजावट मागायची. परदेशातली मालमत्ता रिटर्नमध्ये दाखवायला विसरलात, तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड लागू शकतो.

बाबा सगळं शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ठीक आहे. पण आपल्या वन बीएचकेत तरी काय सोनं पिकतंय?"

प्रश्न बरोबर होता. त्यामुळे दुसऱ्या रविवारी वही काढली.

आपल्या अंगणातला हिशोब

आमचा जुना वन बीएचके बाबांनी १९९८ मध्ये घेतला. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आज शेजारच्या विंगमधला तसाच फ्लॅट ४५ लाखांना गेला. आम्हाला भाडं येतं महिना १५ हजार. वर्षाचे १ लाख ८० हजार, म्हणजे बरोबर ४ टक्के. मित्रमंडळींत आपण हाच आकडा फेकतो, आणि इथेच फसतो.

आता वजाबाकी. सोसायटीचा मेंटेनन्स वर्षाला १८ हजार. भाड्याने दिलं म्हणून सोसायटी 'नॉन-ऑक्युपन्सी' लावते, पण २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे ती सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. आमची वर्षाला १,२०० (कुणी मनाला येईल ती रक्कम मागत असेल, तर हा आदेश चेअरमनना प्रेमाने दाखवा). प्रॉपर्टी टॅक्स ९ हजार, कारण स्वतः राहणाऱ्याला महापालिका जी ४० टक्के सवलत देते ती भाड्याच्या घराला नाही. रंग, प्लंबर, गीझर मिळून १२ हजार. वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं तर १५ हजार आणि नवा भाडेकरू आणणाऱ्या एजंटचे एका महिन्याचे १५ हजार. बेरीज ७० हजार २००. हातात राहिले १ लाख ९ हजार ८००. यील्ड किती? २.४ टक्के!

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे लिव्हरपूलच बरं की!"

"थांबा. शेवटचे दोन आकडे पुन्हा बघा."

घर रिकामं राहिल्याचे १५ आणि एजंटचे १५. आमच्या घरात हे ३० हजार गेल्या चार वर्षांत गेलेलेच नाहीत. कारण चार वर्षं तेच जोडपं राहतंय. तो विमानतळावर कार्गोत कामाला, ती विमाननगरच्या एका ऑफिसात. लेक याच घरात झाली. आम्ही दर वेळी भाडं थोडंसंच वाढवतो, ते नळाचा वायसर स्वतः बदलतात आणि आम्हाला फक्त फोटो पाठवतात. ते ३० हजार परत जमा केले, की आकडा ३.१ टक्क्यांवर जातो. म्हणजे माझ्या हिशोबात सगळ्यांत मोठी कमाई भाडेवाढीची नाही, भाडेकरू टिकण्याची आहे. ही ओळ ब्रोशरमध्ये कधी वाचलीय?

विश्रांतवाडीचा प्लस पॉइंट हाच. नाव विश्रांतीचं आणि चौकात विश्रांती औषधालाही नाही, हे मान्य. मेट्रो आली ती येरवडा आणि रामवाडीपर्यंत, आमच्याकडे २०१५ पासूनची संगमवाडी-विश्रांतवाडी बीआरटी. माउलींची पालखी आळंदीहून निघते त्या दिवशी तर रस्ता आमचा नसतोच, वारकऱ्यांचा असतो. पण भाडेकरू एकाच धंद्यावर अवलंबून नाहीत. विमानतळ आहे, कळस-दिघीची संरक्षण खात्याची कार्यालयं आहेत, येरवड्याचे आयटी पार्क आहेत, विमाननगरची कॉलेजं आहेत. एक ढेपाळलं तर दुसरं उभं.

मार्च २०२० आठवतंय ना? लॉकडाउन लागला, आयटीवाले लॅपटॉप उचलून गावी गेले आणि हिंजवडी-वाकडच्या बिल्डिंगांमध्ये एकामागून एक दिवे बंद झाले. ज्यांनी फक्त आयटीच्या भाडेकरूवर ईएमआय टांगला होता, त्यांना विचारा. शिवाय वाकडला घेताना पाण्याचंही विचारा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेलं दिवसाआड पाणी पुढे वर्षानुवर्षे चाललं. टँकरचं बिल शेवटी कुणाच्या तरी मेंटेनन्समध्येच बसतं.

मग खराडीत नवा घ्यायचा का?

हा प्रश्न बाबांचा नाही, माझा. ऑफिसात लंच अवरला दर दोन दिवसांनी कुणीतरी 'इन्व्हेस्टमेंट फ्लॅट'ची साइट व्हिजिट करून आलेलं असतं. म्हटलं, वही उघडलीच आहे तर हेही होऊन जाऊ दे.

टू बीएचके, ९५ लाख. मुद्रांक शुल्काचे ७ टक्के म्हणजे ६ लाख ६५ हजार. नोंदणी फी ३० हजार. इमारत अजून बांधली जात असेल तर ५ टक्के जीएसटी, ४ लाख ७५ हजार. (कम्प्लिशन मिळालेल्या तयार फ्लॅटला जीएसटी नाही, हे लक्षात ठेवा.) एकूण १ कोटी ६ लाख ७० हजार. कलिगला तिथे भाडं मिळतं ३२ हजार. खर्च वजा न करताच यील्ड ३.६ टक्के.

आता ८० टक्के कर्ज घ्या, ७६ लाख. व्याज साडेआठ टक्के धरा, मुदत वीस वर्षं. ईएमआय जवळजवळ ६६ हजार. भाडं ३२. म्हणजे 'भाड्यातून हप्ता सुटतो' हे वाक्य अर्धंच खरं आहे, उरलेले ३४ हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून. टॅक्सचं म्हणाल तर भाड्यातून महापालिकेचा कर आणि उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा मिळतात, हे छान. पण भाड्यापेक्षा व्याज जास्त झालं तर तो तोटा पगारातून वजा करायची मुभा जुन्या पद्धतीत २ लाखांपर्यंतच, आणि नव्या टॅक्स पद्धतीत ती नाहीच. तुम्ही कुठली पद्धत निवडलीय ते आधी बघा, मग सीएला नाही तर एचआरला तरी विचारा.

राहिली किंमत वाढण्याची आशा. ती वाढेलही. पण मग आपण भाड्यासाठी घेत नाही, भाव वाढण्यावर पैज लावतोय, एवढं स्वतःशी कबूल करायला काय हरकत आहे?

बाबांचा वाडा

तेरावा दिवस उजाडला तरी बाबांचं मन पूर्ण वळलं नव्हतं. रात्री गच्चीवर मी थेट विचारलं, "बाबा, खरं सांगा, इथलं एवढं का नको तुम्हाला?"

मग निघालं ते वेगळंच. आजोबांचा पेठेत दोनखणी वाडा होता. वरच्या खोल्या भाड्याने, महिना बारा रुपये. १९४७ चा भाडे कायदा असा होता, की भाडी १९४० च्या पातळीला गोठलेली. भाडेकरू निघेना, छप्पर गळायला लागलं, दुरुस्तीला पैसे नाहीत. कोर्टाच्या तारखा करता करता आजोबा गेले आणि वाडा नंतर कवडीमोलाने द्यावा लागला. "भाडेकरू म्हटलं की मला अजून तो जिना आठवतो," बाबा म्हणाले. "वाटलं, तिकडे तरी कायदा असेल. तुझ्यासाठी काहीतरी स्वच्छ राहील. माझ्यानंतर तुला तारखा नकोत."

मला काय बोलावं कळेना. पंधरा दिवस मी त्यांना टक्केवारी समजावत होते आणि त्यांना सतावत होता एक जिना.

मग मी मोबाइलवर आमचंच ॲग्रीमेंट उघडलं. बाबा दर वर्षी त्यावर अंगठा देतात, पण वाचलं कधीच नव्हतं. तो १९४७ चा कायदा गेला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्यात लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदवलेलं असणं बंधनकारक, आणि ते करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. वर घरमालकाला ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण नोंदणी असेल आणि मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोवरच्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. नोंदणी आता घरबसल्या होते, आधार आणि बोटांचे ठसे, झालं काम. एजंट 'साध्या स्टॅम्प पेपरवर करून टाकू, मॅडम' म्हणाला की म्हणूनच हसून नको म्हणायचं.

"आणि तिकडचा कायदा?" बाबांनी विचारलं.

स्पीकरवर दादा होता. त्याने सांगितलं, की इंग्लंडमध्ये कारण न देता भाडेकरूला नोटीस देण्याची सोय होती, कलम २१. २०२५ च्या नव्या कायद्याने ती काढून टाकली, तारीख ठरली १ मे २०२६. म्हणजे ऐन आपल्या महाराष्ट्र दिनी तिथला घरमालक आपल्या आजोबांकडे एक पाऊल सरकला! भाडेकरूंच्या बाजूने पाहिलं तर हे योग्यही असेल, दादा स्वतः तिथे पाच वर्षं भाड्याने राहिलाय. पण 'तिकडे भाडेकरूची कटकट नाही' हा जो बाबांचा समज होता, तो मात्र गेला.

मग दादाने जे सांगितलं ते त्याने आजवर दिवाळीच्या फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. २०१८ मध्ये त्याने बीस्टनमध्ये बैठं, भिंतीला भिंत लागून असलेलं घर घेतलं. १ लाख २० हजार पाउंड, ९० हजार कर्ज. तिथे अशा कर्जावर बहुतेक वेळा फक्त व्याजच भरायचं असतं, मुद्दल शेवटी. २ टक्क्यांनी महिना १५० पाउंड, भाडं ६५०. मजा होती. २०२० पासून त्या भागात लायसन्स आलं. त्याच वर्षापर्यंत टॅक्समधून व्याज पूर्ण वजा करण्याची सवलतही टप्प्याटप्प्याने गेली. मग बँक ऑफ इंग्लंडचा दर, जो डिसेंबर २०२१ पर्यंत ०.१ टक्का होता, तो ऑगस्ट २०२३ मध्ये सव्वापाचवर गेला, आणि नेमकं त्याच वर्षी दादाचं कर्ज नव्याने ठरलं. साडेपाच टक्क्यांनी महिना ४१२ पाउंड. जानेवारीत बॉयलर गेला, तो वेगळा.

"काका, तरी मी वीस मिनिटांवर राहतो," दादा म्हणाला. "बॉयलर गेला त्या रात्री मी स्वतः हीटर घेऊन गेलो. घरात लहान मूल होतं. तुम्ही विश्रांतवाडीतून काय करणार होतात?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. आणि या वेळी वर सुखोईही नव्हतं.

आता काय?

चौदाव्या दिवशी बाबांनी ईमेल लिहिला. तीन आठवणींनंतर पैसे आले, एक लाखातले नव्वद हजार. दहा हजार 'ॲडमिन चार्जेस'. बारीक अक्षरात तेही होतं म्हणे. मी त्याला शिकवणीची फी म्हणते, बाबा अजून काहीच म्हणत नाहीत.

फंडातले पैसे पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जाताहेत. तिथे २०२३ पासून ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. कंटाळवाणं आहे, मान्य. पण दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात येतं आणि बॉयलर नसतो.

जुना वन बीएचके राहणार. माझ्या यादीत मात्र एक नवीन रकाना आला. मँचेस्टर असो, खराडी असो की वाकड, दर चौरस फूट भाव आणि यील्ड यांच्या आधी तो भरायचा. रात्री दहाला फोन आला, तर मी तिथे किती वेळात पोहोचेन? उत्तर तासाच्या आत नसेल, तर यील्डमधून एक विश्वासू माणूस ठेवण्याचा खर्च वजा करायचा. तसा माणूस सापडत नसेल, तर ते शहर यादीतूनच वजा.

आणि या रविवारी काय झालं, सांगू? सकाळी भाडेकरूचा फोन. वायसर बदलूनही किचनचा नळ थांबेना. बाबा स्वतः निघाले. पान्याची पिशवी घेऊन, स्कूटरवर, धानोरीहून दहा मिनिटांत. दोन तासांनी परत आले ते हातात डबा घेऊन. त्यांच्या लेकीचा वाढदिवस होता, शिरा दिला होता.

"जिना झाडून लखलखीत ठेवलाय गं त्यांनी," बाबा म्हणाले आणि डबा आईकडे देऊन पेपर वाचत बसले.

तुमच्याही घरी कुणी पाउंडाची, दिरहमची किंवा 'फक्त शेवटचे सहा'ची भाषा बोलायला लागलं, तर मंडळी, ओरडू नका. वही काढा. आणि वही मिटल्यावर एकदा विचारा, की नेमकी भीती कसली वाटतेय?